विहीर ३०० मीटरवर, आणि पाचवा महिना

पत्राचा सारांश: एका वाचक ताईंच्या घरापासून साधारण ३०० मीटरवर नैसर्गिक वायूची विहीर आहे. पाच वर्षांपूर्वी घर घेतलं तेव्हाही ती तिथंच होती. कुंपणामागं चार-दोन पाइप, एक टाकी आणि शांतता, त्यामुळं तिचा कधी विचार केला नाही. आता कंपनीचं पत्र आलं आहे की त्याच आवारात आणखी ४ विहिरी खणल्या जाणार आहेत आणि काम तीन महिन्यांनी सुरू होईल. ताईंना पाचवा महिना चालू आहे. सहा वर्षांच्या मुलीला दमा आहे. घरात पाणी स्वतःच्या बोअरचं. नवऱ्याचं म्हणणं, 'इतकी वर्षं काही झालं नाही, कधी वास आला नाही, आणि कायद्यानं सांगितलेल्या अंतराच्या बाहेर आहोत आपण.' ताईंना मात्र झोप लागत नाही. 'खाली खडक फोडतील आणि गॅस आपल्या घरात वर येईल' असं वाटत राहतं. शेजाऱ्यांनी जमीन कंपनीला भाड्यानं दिल्यामुळं त्यांच्याशी बोलणं बंद आहे. घराचं कर्ज बरंच बाकी आहे. त्या विचारतात: घर विकून जावं का? विकलं तर घेणाऱ्याला हे सांगावं लागेल का? की मीच उगाच घाबरते आहे?

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मनात अडकलेला असताना बाकीचं वाचलंत तर हाती काही लागणार नाही. तुम्ही उगाच घाबरत नाही. पण तुमच्या भीतीतला बराचसा भाग चुकीच्या जागी लागला आहे, आणि जिथं लागायला हवा त्यातल्या काही गोष्टी पत्रात आलेल्याच नाहीत. मी काही वर्षं ड्रिलिंगच्या साइटवर भूशास्त्राचं काम केलं आहे. तिथं जे शिकले त्यातलं तुम्हाला आणि तुमच्यासारख्या इतरांना उपयोगी पडेल तेवढं लिहिते.

सुरुवात वासापासून करू. 'कधी वास आला नाही' या वाक्यावर तुमच्या घरातली सगळी निश्चिंती उभी आहे. स्वयंपाकघरातल्या गॅसला जो वास येतो तो गॅसचा नव्हे. तो नंतर मिसळलेल्या गंधकयुक्त रसायनाचा असतो. जमिनीतून येणारा मिथेन बिनवासाचा आणि बिनरंगाचा. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेत तेलक्षेत्रातून घेतलेला असा बिनवासाचा वायू तळघराच्या पोकळीत साठत गेला आणि स्फोटात सुमारे ३०० मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर गॅसला वास देणं सक्तीचं झालं. पण ती सक्ती घरोघरी पोचणाऱ्या गॅससाठी. विहिरीपासून टाकीपर्यंतच्या पाइपातून जो जातो त्याला सहसा हा वास दिलेला नसतो.

याच कारणानं मला कोलोराडोतल्या फायरस्टोन गावची घटना तुमच्या प्रकरणात सगळ्यांत महत्त्वाची वाटते. १७ एप्रिल २०१७. विहीर १९९३ साली खणलेली. घर बऱ्याच नंतर, तिच्यापासून ५०-६० मीटरवर बांधलेलं. विहिरीची एक जुनी फ्लोलाइन, म्हणजे वायू वाहून नेणारी जमिनीखालची नळी, वापरातून गेली होती. ती घराजवळ कापली गेली, पण तिचं दुसरं टोक विहिरीला जोडलेलंच राहिलं. कापलेल्या टोकातून वायू मातीत झिरपला, मातीतून तळघरात शिरला आणि घरातली दोन माणसं स्फोटात गेली. वास आला नव्हता, कारण वासच नव्हता. तुमची विहीर ३०० मीटरवर आहे, हे खरं. पण तिच्या नळ्या कुठून कुठं जातात, त्यातल्या कुठल्या बंद पडल्या आहेत आणि त्या दोन्ही टोकांना बुजवल्या आहेत का, हे तुम्हा दोघांपैकी कुणालाही माहीत नाही. अंतर मोजताना आपण विहिरीचं तोंड बघतो. मोजायचं असतं ते जवळच्या नळीपर्यंत.

आता खडक फोडण्याची भीती. फ्रॅकिंग, म्हणजे दाबानं पाणी सोडून खडकाला भेगा पाडणं, ज्या थरात होतं तो बहुतेक ठिकाणी दीड ते तीन किलोमीटर खाली असतो आणि तुमचं बोअर फार तर शे-दोनशे मीटर. त्या थरातल्या भेगा एवढा सगळा खडक चिरत तुमच्या ओट्याखाली येतील, ही शक्यता फारच थोडी. पण पाणी बिघडलंच नाही असंही नाही. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये पेनसिल्व्हेनिया आणि न्यू यॉर्क भागातल्या ६० घरगुती विहिरींच्या पाण्यातला मिथेन मोजला. तो ५१ विहिरींत सापडला, म्हणजे बऱ्याच ठिकाणी तो निसर्गतःच होता. मात्र गॅसची विहीर एक किलोमीटरच्या आत असलेल्या घरांत सरासरी लिटरमागे १९.२ मिलिग्रॅम, तर तशी विहीर जवळ नसलेल्या घरांत १.१. पुढं २०१४ मध्ये त्याच गटानं कारण शोधलं, तेव्हा बोट गेलं ते विहिरीच्या वरच्या भागाकडं: फुटलेलं केसिंग, म्हणजे विहिरीची पोलादी नळी, आणि नीट न भरलेलं सिमेंट. विहीर म्हणजे भोकात भोक. बाहेरची पोलादी नळी, तिच्या आत दुसरी, आणि नळी व खडक यांच्यामधली पोकळी सिमेंटनं बुजवलेली. ते सिमेंट कुठं पोकळ राहिलं की खालचा वायू त्या फटीतून वर चढतो आणि वाटेत पाण्याचा थर लागला तर त्यात शिरतो.

म्हणजे रात्री दोन वाजता विचार करायचाच असेल तर 'खडक फुटेल का' हा विचार सोडा. 'सिमेंट कसं भरणार, आणि ते नीट बसलं हे कशावरून ठरवणार' हा प्रश्न धरा. या प्रश्नाला उत्तर असतं आणि ते कागदावर असतं.

नवऱ्याचा तिसरा मुद्दा, कायद्याचं अंतर. पेनसिल्व्हेनियात २०१२ च्या कायद्यानं शेल वायूच्या विहिरीला इमारतीपासून ५०० फूट सांगितले. कोलोराडोनं २०२० मध्ये नियम बदलून, काही अपवाद ठेवत, २,००० फूट केले. कॅलिफोर्नियानं २०२२ च्या कायद्यात ३,२०० फूट घातले. वायू तिन्हीकडं तोच आणि माणसाची फुप्फुसंही तीच. तुमचे ३०० मीटर म्हणजे हजार फुटांच्या आसपास: पहिल्या ठिकाणी दुप्पट सुरक्षित, दुसऱ्या ठिकाणी नियमाच्या निम्म्यावर. हे आकडे म्हणजे त्या त्या विधिमंडळात कोण किती बोललं याचा हिशोब आहे, आणि त्यात शास्त्राचा वाटा असला तरी पूर्ण शास्त्र नाही. 'नियमात बसतं' याचा अर्थ परवानगी मिळेल एवढाच.

'इतकी वर्षं काही झालं नाही' यावर मात्र मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण अनुभवी माणसंसुद्धा इथंच फसतात. विहीर आयुष्यभर एकसारखी नसते. खणताना ती वेगळी, फ्रॅकिंगनंतर पहिल्यांदा वायू आणि पाणी उसळून बाहेर येतं त्या दिवसांत वेगळी, पुढची दहा-वीस वर्षं शांतपणे देत असताना वेगळी, आणि दुरुस्तीसाठी उघडतात तेव्हा पुन्हा वेगळी. आसाममधल्या बागजानची विहीर क्रमांक ५ चालू, उत्पादन देणारी विहीर होती. तिच्यावर दुरुस्तीचं काम, ज्याला साइटवर वर्कओव्हर म्हणतात, चालू असताना २७ मे २०२० रोजी वायू अनावर झाला. ९ जूनला आग लागली, अग्निशमन दलाचे दोन जवान गेले, हजारो लोकांना छावण्यांत जावं लागलं आणि विहीर पूर्ण बंद करायला १५ नोव्हेंबर उजाडला. आंध्रातल्या पासर्लापुडीची आग १९९५ मध्ये ६५ दिवस जळत होती. असे उद्रेक विरळा असतात, हे मी ठासून सांगते. तरीही ते कधी होतात हे बघितलं तर बहुतेकदा विहीर खणताना किंवा उघडताना, म्हणजे रिग (खणायचा मनोरा) उभी असताना. मग तुमच्यासाठी माहितीचा सगळ्यांत मोलाचा तुकडा कुठला? रिग कधी येणार, याची तारीख. फक्त नव्या विहिरींची नव्हे, जुन्या विहिरीच्या वर्कओव्हरचीही. पाच वर्षांत तुमच्या विहिरीवर असं काम झालं होतं का? तुम्हाला कुणी कळवलं होतं का?

आणि ती टाकी. तुम्ही पत्रात तिचा उल्लेख सहज केलात, पण शांत विहिरीच्या आवारात हवेत काही जात असेल तर बरेचदा टाकीतूनच. वायूबरोबर येणारं पातळ तेल, कंडेन्सेट, तिच्यात साठतं. त्यात बेंझीन असतं आणि बेंझीन हे कर्करोगाला कारण ठरणारं रसायन म्हणून पक्कं ओळखलं गेलं आहे. टाकीचं झाकण नीट बसत नसेल तर वाफा बाहेर येतात, आणि डोळ्यांना काही दिसत नाही. इन्फ्रारेड कॅमेऱ्यात मात्र हीच गळती धुरासारखी दिसते. उलट ज्या गोष्टीनं लोक दचकतात ती फ्लेअरची, म्हणजे नको असलेला वायू जाळणाऱ्या नळीची, ज्वाळा पेटलेली असणं, ती विझलेली असण्यापेक्षा बरं. फुसफुस आवाज येतोय आणि ज्योत नाही, किंवा ज्योतीतून काळा धूर निघतोय, तर वेळ लिहून ठेवा आणि फोन करा.

आता बाळाचं. इथं मी जपून लिहिते, कारण अर्धवट आकडा ऐकून कुणाचीही झोप उडावी असं मला वाटत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या २००४ ते २०१३ मधल्या ११ लाखांहून जास्त जन्मांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. विहिरीपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आयांच्या बाळांत जन्माच्या वेळी वजन कमी असण्याची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. एक ते तीन किलोमीटरमध्ये परिणाम कमी, आणि त्यापलीकडं दिसला नाही. २५ टक्के हा आकडा कानाला भयंकर लागतो. समजा एरवी शंभरातली आठ बाळं कमी वजनाची जन्मतात, तर ती दहा होतील. म्हणजे नव्वद बाळं ठीकच असतील. तरीही जी दोन वाढली ती कुणाची तरी आहेत, आणि टाळता येणारा धोका टाळावा.

मुलीच्या दम्याबद्दल: पिट्सबर्ग विद्यापीठानं पश्चिम पेनसिल्व्हेनियात केलेल्या आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात, विहिरींजवळ राहणाऱ्या दमेकऱ्यांना जोराचा झटका येण्याची शक्यता चार ते पाच पट दिसली आणि ती विशेषतः उत्पादनाच्या काळात. म्हणजे रिग निघून गेली की तिच्यापुरता प्रश्न संपला असं धरू नका. हा भाग मला मुद्दाम सांगायचा होता, कारण बहुतेक सल्ल्यांत फक्त खणण्याच्या काळाची काळजी असते.

तारखा मांडून बघा. काम तीन महिन्यांनी सुरू. तेव्हा तुम्हाला आठवा महिना असेल. आधी एकापाठोपाठ एक विहिरी खणणार, मग फ्रॅकिंग, मग पहिला वायू बाहेर काढणार. कोलोराडोनं २०१९ मध्ये केलेल्या आरोग्य-जोखमीच्या मूल्यांकनात हवेतल्या बेंझीनची काळजी २,००० फुटांपर्यंत निघाली होती ती वाईटात वाईट हवामानात आणि मुख्यतः या पहिल्या वायूच्या टप्प्यात. तुमच्याकडं तो टप्पा येईल तेव्हा बाळ मांडीवर असेल. तुमचं पत्र 'विकावं की राहावं' असं दोनच पर्यायांत अडकलं आहे. मला तिसरा दिसतो: त्या काही आठवड्यांपुरतं दुसरीकडं राहायला जाणं. आईकडं, बहिणीकडं, भाड्याच्या दोन खोल्यांत, जिथं जमेल तिथं, पण तीन किलोमीटरच्या पलीकडं. तुम्ही, मुलगी आणि बाळ. यानं घर विकायची घाई राहत नाही, आणि भीती गिळत बसावंही लागत नाही. खर्च कंपनीकडं मागा. देतील याची खात्री नाही, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही, आणि नकार आला तर तो लेखी घ्या. ही मागणी गर्भवती बाई आणि दमा असलेलं मूल यांच्यासाठी, डॉक्टरांची चिठ्ठी जोडून केली की तिला वजन येतं. डॉक्टरांना हे सगळं सांगायचंच आहे, विशेषतः वाढ नीट आहे का ते बघण्यासाठी सोनोग्राफी किती वेळा करावी हे विचारताना.

त्याआधी मात्र पाणी. हे एकच काम असं आहे की तीन महिन्यांनंतर केलंत तर त्याचा उपयोग निम्म्यावर येतो. रिग यायच्या आत बोअरचं पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. नमुना त्यांच्या माणसानं घ्यावा, तुम्ही बाटलीत भरून नेऊ नये, नाहीतर पुढं कुणीही म्हणेल की बाटलीच खराब होती. मिथेन, क्लोराइड, बेरियम, ब्रोमाइड, एकूण विरघळलेले क्षार, बेंझीन आणि त्याची भावंडं, हे मागा. मिथेन निघालाच तर समस्थानिकांची तपासणी करून तो उथळ दलदलीतला आहे की खोल खडकातला हे ओळखता येतं. अमेरिकेत वापरली जाणारी मर्यादा सोपी आहे: लिटरमागे १० मिलिग्रॅमपर्यंत फार चिंता नको, १० ते २८ मध्ये लक्ष ठेवा, २८ च्या वर गेलं तर ताबडतोब बोअरला हवा खेळती करा आणि तज्ज्ञ बोलवा. मिथेन विरघळलेलं पाणी पिऊन विषबाधा होत नाही. तो पाण्यातून सुटून बंद जागेत साठतो, हा धोका. कंपनी स्वतःहून तपासणी करून देते म्हणाली तर हो म्हणा, पण अहवालाची पूर्ण प्रत तुमच्या हातात आली पाहिजे.

मग प्रश्न विचारायला बसा. नियामक कार्यालयात विहिरीची फाइल असते आणि तिच्यातलं बरंचसं बघायला मिळतं. मी तुमच्या जागी असते तर जुन्या विहिरीपासून सुरू केलं असतं: केव्हा खणली, वरचं केसिंग पिण्याच्या पाण्याच्या थराच्या खाली किती खोल नेलं, सिमेंट तपासल्याचा लॉग, म्हणजे नोंद, आहे का, आणि दोन नळ्यांच्या मधल्या पोकळीत दाब दिसतो का. हा शेवटचा प्रश्न विचारलात की समोरचा माणूस जरा सावरून बसेल. तिथं दाब असणं म्हणजे सिमेंटमधून किंवा नळीतून काहीतरी वर येतंय. कॅलिफोर्नियातल्या अलिसो कॅन्यनला २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये साठवणुकीची जी विहीर फुटली आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत गळत राहिली, ती १९५० च्या दशकातली होती, आणि तिचं केसिंग बाहेरून गंजलेलं निघालं. हवेत गेला जवळजवळ ९७,००० टन मिथेन. हजारो कुटुंबांना महिनोन्महिने घराबाहेर राहावं लागलं. जुनी विहीर शांत आहे म्हणून तिची फाइल उघडायची नाही, असं करू नका.

आणखी एक प्रश्न असा आहे की त्याचं उत्तर 'हो' आलं तर माझा सगळा सल्ला बदलतो: या वायूत हायड्रोजन सल्फाइड आहे का? असेल तर घर सोडण्याच्या बाजूनं माझं मत झुकेल. २३ डिसेंबर २००३ च्या रात्री चीनमधल्या चोंगकिंगजवळ अशाच वायूच्या विहिरीचा उद्रेक झाला आणि २४३ माणसं गेली, त्यांतली बहुतेक आजूबाजूच्या गावांतली. हा वायू हवेपेक्षा जड, खोलगट जागेत साठणारा. अगदी थोडा असताना कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत १०० च्या आसपास गेला की नाक बधिर होतं. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं माणूस समजतो, आणि तिथंच घात होतो. तुमच्या वायूत तो नसेल तर ही चिंता पूर्ण पुसून टाका. पण 'नसेल' हे तुम्ही ठरवायचं नाही, चाचणीचा कागद ठरवेल.

बाकी मागण्या पत्रात घालायच्या: पहिला वायू मोकळा न सोडता, शक्य तितका न जाळता पकडणार का, रिग विजेवर चालवणार का डिझेलवर, टाकी घरांच्या विरुद्ध बाजूला नेता येईल का, फ्लोलाइनचा नकाशा, वर्कओव्हरची किमान काही दिवस आधी सूचना, सायरन कोणता आणि तो वाजला तर कुठल्या रस्त्यानं जायचं. आणि ट्रक. याचं भय कुणालाच वाटत नाही, पण पाणी, वाळू आणि पाइप घेऊन शेकडो फेऱ्या होतील, तुमच्या रस्त्यावरून, आणि तुमची मुलगी सहा वर्षांची आहे. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी ट्रक बंद, ही मागणी मान्य होण्यासारखी आहे. नक्की करा.

घरात करायचं ते थोडकंच. मिथेनचा अलार्म घ्या आणि तो छताजवळ लावा, कारण मिथेन हलका असतो. तळघर किंवा बोअरच्या पंपाची बंद खोली असेल तर एक तिथंही. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झाला की ठिणगी पुरते, म्हणून अलार्म वाजला तर दिवा लावायचा नाही, बंदही करायचा नाही, पंख्याला हात लावायचा नाही. चालत बाहेर पडायचं, फोन बाहेर गेल्यावर. मुलीच्या खोलीत हवा गाळणारं यंत्र ठेवलंत तर धूळ आणि डिझेलच्या काजळीला उपयोग होईल. बेंझीन किंवा मिथेन ते अडवत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. तुमची शेगडी गॅसची असेल तर तिच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड दम्याला त्रास देतो. ते विजेच्या शेगडीनं आजच कमी करता येईल, कुणाच्या परवानगीशिवाय.

साइटवर पहिल्या दिवशी मला हेल्मेटच्याही आधी एक गोष्ट दाखवली होती: खांबावर फडफडणारी वाऱ्याची पिशवी. कुठंही उभं राहिलं की आधी तिच्याकडं बघायचं. पळायची वेळ आली तर वाऱ्याच्या आडवं आणि मग वाऱ्याच्या उगमाकडं, हे अंगात भिनलं होतं. तुमच्या गच्चीवर एक कापडाची पट्टी बांधा आणि महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ वारा कुठून येतो ते लिहा. वारा बहुतेक वेळा विहिरीकडून घराकडं येतो की उलट, यावर तुमचे ३०० मीटर किती मोठे हे ठरतं. मुलीलाही हे काम द्या. वहीत तारीख, वारा, वास, आवाज आणि तिचा खोकला, एवढेच रकाने. डॉक्टरांना आणि नियामकांना आठवणींपेक्षा अशी वही जास्त पटते.

शेजाऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. त्यांनी जमीन दिली म्हणून ते तुमच्या विरुद्ध आहेत, हे गृहीत धरू नका. त्यांची मुलंही त्याच अंतरावर झोपतात. शिवाय त्यांच्याकडं एक गोष्ट आहे जी तुमच्याकडं नाही: कंपनीशी केलेला करार. टाकी कुठं ठेवायची, पाण्याची तपासणी कुणी करायची, काम संपल्यावर विहीर कशी बुजवायची, हे करारात घालता येतं, आणि नव्या विहिरींसाठी कराराला हात लागणार असेल तर हीच वेळ आहे. भांडण मिटवायला जाऊ नका, ते एका भेटीत मिटणार नाही. फक्त पाण्याच्या तपासणीचं विचारायला जा: 'आम्ही करतोय, तुमच्या बोअरचीही बरोबर करूया का?' दोन-चार घरांनी मिळून केली तर खर्च वाटला जातो, आणि निकालही एका घराची तक्रार म्हणून बाजूला टाकता येत नाही.

घर विकण्याबद्दल माझं मत स्पष्ट सांगते. आज विकू नका, पण कायमचं राहायचं असंही ठरवू नका. फाइल वाचून झाली, पाण्याचा निकाल आला, हायड्रोजन सल्फाइडचं उत्तर मिळालं, की ठरवा. जुन्या विहिरीच्या पोकळीत दाब निघाला, किंवा फ्लोलाइन तुमच्या आवाराला लागून जाते असं दिसलं आणि कंपनी ती हलवायला तयार नसेल, किंवा मुलीचे झटके वहीत स्पष्टपणे वाऱ्याच्या दिशेबरोबर वाढताना दिसले, तर तोटा सोसूनही निघा. कर्ज फेडता येतं. यांतलं काहीच नसेल, तर काही आठवडे बाहेर राहून परत या.

विकायची वेळ आलीच तर घेणाऱ्याला सांगावं लागेल का, असं तुम्ही विचारलंत. पुष्कळ ठिकाणी कायदाच सांगायला लावतो, तो तुमच्याकडं काय म्हणतो ते वकिलाला विचारा. पण कायदा गप्प असला तरी सांगा. येणाऱ्या बाईलाही कदाचित पाचवा महिना असेल. तुमच्याकडं तोवर पाण्याचे अहवाल, विहिरीची फाइल आणि वाऱ्याची वही असेल, तीच तिच्या हातात द्या. माझा अनुभव असा की कागद दाखवणाऱ्या माणसाचं घर खोळंबतं, पण विकलं जातं. गृहविम्यात जमिनीतून येणाऱ्या वायूचा स्फोट आणि पाणी दूषित होणं धरलं आहे का, हेही याच आठवड्यात लेखी विचारा.

तुमच्या नवऱ्याबद्दल. पत्रात 'काही झालं नाही' हे त्यांचं वाक्य तुम्ही तीनदा लिहिलंत, आणि प्रत्येक वेळी पुढच्याच ओळीत कर्ज आलं. मला वाटतं ते वायूला घाबरत नाहीत असं नाही. घर हातचं जाईल या भीतीनं त्यांनी दुसरी भीती बाजूला सारली आहे. तुम्ही 'हे घर सुरक्षित नाही' म्हणता तेव्हा त्यांना 'तू चूक घर घेतलंस' असं ऐकू येत असेल. म्हणून या वेळी घराबद्दल बोलूच नका. त्यांना दोन कामं द्या: नियामक कार्यालयातून जुन्या विहिरीची फाइल आणि फ्लोलाइनचा नकाशा. ते नियमांवर विश्वास ठेवणारे आहेत ना, मग नियमानं ठेवलेले कागद त्यांनीच आणावेत आणि त्यांनीच आधी वाचावेत. पाण्याच्या प्रयोगशाळेला फोन तुम्ही करा, उद्याच. तीन महिन्यांतला एक आठवडा पत्रं लिहिण्यात गेलाच आहे.

निकाल हातात आले की मला पुन्हा लिहा, आणि बाळ झाल्याचंही कळवा.